सोडायला आलेल्यांची जागा

“या ड्रॉइंगमध्ये प्रवासी आहेत, पण त्यांना सोडायला आलेली माणसं कुठे आहेत?” मी विचारलं. मिस्टर टॅन, माझे बॉस, घड्याळाकडे बघत होते.

सिंगापूरमधल्या तांजोंग पगारच्या आमच्या ऑफिसात टेबलावर एका विमानतळाचं ड्रॉइंग पसरलं होतं. विमानतळ महाराष्ट्रातल्या एका वाढत्या शहराचा. तोवर तिथे देशातलीच छोटी विमानं उतरत. आता रनवे लांबवला होता आणि एक एअरलाइन सिंगापूरसाठी वाइड-बॉडी, म्हणजे सीटांमध्ये दोन वाटा असलेलं मोठं विमान आणणार होती. पहिला सीझन चाचणीचा होता. उड्डाणं रखडली तर फ्लाइट बंद, असं त्यांनी बजावलं होतं.

माझ्याकडे कर्बचं काम होतं. कर्ब म्हणजे डिपार्चरच्या दारासमोर गाड्या थांबतात ती पट्टी. एक गाडी तिथे किती वेळ उभी राहते, त्यावरून सगळं ठरतं: गाड्या अडल्या की प्रवासी उशिरा आत पोहोचतात आणि विमान रखडतं. मिस्टर टॅननी सिंगापूरचा हिशेब धरला होता: गाडी आली, बॅग उतरली, गाडी गेली. दारापुढच्या मोकळ्या जागेत क्लायंटला कारंजं हवं होतं.

भारतात बहुतेक ठिकाणी तिकिटाशिवाय टर्मिनलच्या आत सोडत नाहीत. म्हणजे निरोप दाराबाहेरच. हे मी सांगितलं, पण मिस्टर टॅनना पटेना. आता सगळे ॲपवरून कॅब करतात, म्हणाले. शुक्रवारी ड्रॉइंग फ्रीझ होणार होतं, म्हणजे नंतर एक रेघही बदलायची नाही.

गुरुवारी संध्याकाळी मी त्यांना चांगीला, सिंगापूरच्या विमानतळावर, घेऊन गेले. भारताच्या फ्लाइट्सची ती वेळ. इथे कुणालाही इमिग्रेशनपर्यंत जाता येतं. एक आजी-आजोबा मुलीकडचा मुक्काम संपवून निघाले होते. मुलगी, जावई, नातवंडं, त्यांच्या कॉन्डोमधली, म्हणजे सोसायटीतली, दोन कुटुंबं, सगळे हजर. पाया पडून झालं, डबा दिला, फोटो काढले. कुणाचे तरी डोळे मिटले म्हणून पुन्हा काढले. आजी आत जाऊन काचेशी परत आल्या. नातू वैतागून सिंगापुरी ढंगात म्हणाला, “आज्जी, गो लाह, प्लेन जाईल.”

मिस्टर टॅन हसले. मग विचारलं, “हे लोक घरी कधी जातात?”

“आजी दिसेनाशा झाल्या की.”

“आणि तुमच्या त्या विमानतळावर हे सगळं कुठे होणार?”

“कर्बवर. गाडीचं दार उघडं ठेवून.”

मिस्टर टॅन दोघांसाठी कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन आले आणि म्हणाले, “कारंजं हलव. क्लायंटशी तू बोल.”

रात्रीत मी नवं ड्रॉइंग केलं. कर्बवर फक्त सामान उतरवायचं. दारासमोर छप्पर असलेलं मोठं अंगण, बाक, पिण्याचं पाणी, आणि लागूनच पार्किंग. कारंजं अरायव्हलच्या बाजूला.

सकाळी विमानतळाच्या डायरेक्टरसाहेबांना फोन केला. “मॅडम, फोटो कारंज्याचे निघतात, बाकांचे नाही,” ते म्हणाले.

त्यांचा मुलगा परदेशात शिकतो, हे मला ठाऊक होतं. मी विचारलं, “साहेब, तुमचा मुलगा शिकायला बाहेर गेला तेव्हा सोडायला कोण कोण होतं?”

“दोन गाड्या भरून होतो,” ते म्हणाले. “शिवाय शेजारी वेगळे आले.” मग म्हणाले, “पाठवा ड्रॉइंग.”

पहिल्या फ्लाइटच्या दिवशी मी तिथे होते. एका मुलीला पोहोचवायला अख्खी टेम्पो ट्रॅव्हलर आली होती. तिच्या आत्याने अंगणात ऐसपैस उभं राहून तिच्या हातावर दही ठेवलं. मागे कर्बवर गाड्या येत होत्या, जात होत्या, कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. विमान वेळेवर सुटलं. सीझन निभावला आणि ती फ्लाइट आजही चालू आहे. मी बरेच प्रोजेक्ट केले, पण त्या अंगणात उभी राहिले तेवढी ताठ दुसरीकडे कुठे उभी राहिले नसेन.

मोठं विमान आणायचं ठरलं की इंजिनियर रनवे मोजतात. मोजायलाच हवा. पण एका तिकिटामागे किती माणसं येतात, ते त्या गावच्या माणसाला विचारावं. शक्यतो ड्रॉइंग फ्रीझ होण्याआधी.