पोटातलं अवजार

ग्वाल्हेरच्या आमच्या छोट्याशा सॉफ्टवेअर कंपनीत मराठी दोघेच, मी आणि काका. काका नात्यातले नव्हेत. मुरार छावणीकडचे, लष्करी पेशाच्या घराण्यातले, वयाने माझ्या वडिलांएवढे. शहरातल्या कंपू भागातल्या लहान लॅबमध्ये रक्त तपासणाऱ्या यंत्रांवरचे आकडे उचलून थेट रिपोर्टात टाकणारा प्रोग्राम त्यांनी एकट्याने लिहिला होता. त्याच्याच जिवावर त्यांची नोकरी होती.

मग नोएडाच्या एका मोठ्या कंपनीने आम्हाला गिळलं. याला एकत्रीकरण म्हणायचं, असं आम्हाला सांगण्यात आलं. नियम सोपा होता. जो प्रोग्राम नव्या व्यवस्थेत बांधून तयार होईल तो राहील, आणि त्याची माणसं राहतील.

काकांचा प्रोग्राम काही केल्या तयार होईना. प्रोग्रामला लागणारे सुटे भाग आणून देणारा एक पॅकेज मॅनेजर असतो, आणि ते भाग बांधणारं एक अवजार त्याच्या पोटातच भरून आलेलं असतं. ते होतं जुनं. लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा नवा कंपायलर त्याला ओळखूच येत नव्हता. मी नवं अवजार आणून शेजारी बसवलं, तर हा शहाणा स्वतःच्या पोटाबाहेर बघायला तयार नाही. कितीतरी दिवस मी त्याला मराठीत आणि हिंदीत शिव्या घातल्या. शेवटी त्याचं फोल्डर उघडून जुनं अवजार उपसून काढलं, नवं तिथेच बसवलं, आणि प्रोग्राम तयार झाला. काकांनी सगळ्यांना कचोरी खिलवली. पण ही दुरुस्ती फक्त खिडकीजवळच्या एका मशीनवर होती. नोएडावाल्यांनी कळवलं, ते चालू ठेवा, या आठवड्यात आम्ही इथूनच त्या मशीनला जोडून प्रोग्राम घेऊ.

त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. मी गोरखी भागातल्या आमच्या घरी पूजेत होते. काकांच्या घरी तलवार पुजायचे. ऑफिसात काका दरवर्षी मशीन पुजायचे. त्याही सकाळी ते झेंडू घेऊन गेले, मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि ते बंद केलं. पुजलेलं अवजार त्या दिवशी कामाला लावत नाहीत. मी नंतर विचारलं तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला वाटलं, त्यांची पण छुट्टी असेल. नवमीला कोण मशीन चालवतो, बेटा?"

नोएडात चालवतात. आमचं मशीन बंद दिसल्यावर त्यांनी आपल्याच मशीनवर कोरा पॅकेज मॅनेजर घातला, पोटात तेच जुनं अवजार असलेला. प्रोग्राम अर्थातच तयार झाला नाही, आणि त्यावर काट मारली गेली. मी फोनवर जीव तोडून समजावलं. तिकडच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या की नव्या व्यवस्थेत मॅनेजरच्या आत कुणी हात घालायचा नाही. पुढच्या आवृत्तीत नवं अवजार आपोआप येईल. त्यांचं चूक नव्हतं, म्हणून तर माझं डोकं जास्त फिरलं. मला ठेवलं. काकांना घरी पाठवलं.

पुढच्या वर्षी ती आवृत्ती आली. माझ्याकडे काकांच्या प्रोग्रामची प्रत होती. घालून पाहिली, तर पहिल्याच फटक्यात तयार. मला रडू आलं, आणि रडून काही होणार नव्हतं; कंपनीने तो प्रोग्राम केव्हाच काढून टाकला होता.

त्यानंतर आईचं रक्त तपासायला कंपूत गेले तो दिवस पुन्हा खंडेनवमीचाच. लॅबमध्ये काका बसले होते. प्रोग्राम बंद पडल्यापासून यंत्रावरचे आकडे वाचून टाइप करायला तिथे माणूस लागत होता. कीबोर्डच्या कडेला कुंकवाचं बोट होतं, वर झेंडूचं एक फूल. मी त्यांना सांगितलं की प्रोग्राम आता तयार होतो, काहीही न करता.

"अच्छा," काका म्हणाले. मग त्यांनी फूल उचलून बाजूला ठेवलं. "आज हे चालवायला नको होतं. पण इथे कोण ऐकतो?"

आणि ते आईचे आकडे टाइप करू लागले.