झेंडूच्या हारांसकट

झेंडूचा वास आला की भोसरीतल्या माझ्या शेडमधला तो दसरा आठवतो. मी एका मोटारकंपनीला गाड्यांचे दरवाजे पुरवायचो. कंपनी बुडत असताना तिचे नवे साहेब स्वतः येऊन म्हणाले होते, "अहो, भाव उतरवा. कंपनी तरली की हे काम कायम तुमचंच." कुणालाही पैसा न सोडणारा मी, पण भाव उतरवला. कंपनी तरली. आणि दसऱ्याला पूजा आटोपते न आटोपते तोच दरवाजांचे साचे न्यायला त्यांचा ट्रक आला. काम दुसऱ्याला दिलं होतं. साचे कंपनीच्याच मालकीचे, अडवणार कसे? त्यांचा माणूस साच्यांवरचे हार काढू लागला तसा मी ओरडलो, "हात लावू नकोस! सणाला न्यायला आलात ना? मग सजवलेलेच न्या." परवा जावयानं त्याच कंपनीची गाडी घेतली. पेढा खाल्ला आणि घरी रिक्षानं आलो.