पोळपाटाशेजारचा माऊस

संगीता गेल्याचा फोन आला तेव्हा माझा रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडला होता. कारण म्हणून दरवर्षीप्रमाणे ‘घरगुती काम’ असं लिहिलं होतं. खरं कारण असं, की पुढच्या शनिवारी संगीताची लॉची सीईटी होती आणि सेंटरच्या बाहेर डबा घेऊन बसायचं काम गेली तीन वर्षं माझ्याकडे होतं. “मावशी, आई...” एवढंच तिचा मुलगा नितेश बोलू शकला, मग तिच्या नवऱ्याने फोन घेतला. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, खुर्चीत बसली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी रोह्याहून पेणला निघाले. गाडी पेणच्या आधीच्या कासू स्टेशनात थांबली आणि सवयीने फोन हातात घेतला. ‘कासू आलं’ असं कळवलं की ती चहा टाकायची...

आम्ही दोघी रोह्याच्या शाळेत एका बाकावरच्या. ती लग्न होऊन पेणला गेली, मी नोकरीला लागून रोह्यातच राहिले. मुलं मोठी झाल्यावर तिने मुक्त विद्यापीठातून बीए केलं आणि एके दिवशी जाहीर केलं, की आता वकील व्हायचं. हे काय खूळ, म्हणून मी विचारलं तर म्हणाली, “धरमतरच्या बाजूची बाबांची जमीन कोर्टात हाय गो. इतकी वर्षं तारखेला जाते, आणि आमचाच वकील आमच्याच जमिनीबद्दल काय बोलतो ते मला कळत नाय. लय अपमान वाटतो.”

अभ्यासाची तिला भीती नव्हती, भीती होती कॉम्प्युटरची. परीक्षा त्याच्यावर, आणि हिने आयुष्यात माऊस धरलेला नाही. मी ऑफिसातला एक बंद पडलेला माऊस आणून दिला. सीईटी उन्हाळ्यात, आणि पापडही उन्हाळ्यातच. गल्लीतल्या बायका तिच्या पडवीत पापड लाटायला जमायच्या. सुट्टीच्या दिवशी मीही जायची, पण लाटायला नाही, पुस्तकातले प्रश्न मोठ्याने वाचायला. संगीताच्या पोळपाटाशेजारी तो माऊस, वायर गुंडाळलेली. उत्तर दिलं की लाटणं खाली ठेवायचं, पदराला हात पुसायचा आणि बटण दाबायचं. “डावं, डावं. उजव्याला हात लावायचा नाय,” असं स्वतःलाच बजावायची. बटणाचा टिक असा आवाज आला की पुढचा प्रश्न. हळूहळू सगळ्या बायकांना उत्तरं पाठ झाली, तिच्या आधी त्याच ओरडायच्या आणि ती त्यांना दटावायची. पहिल्या वर्षी सेंटरमध्येसुद्धा दर प्रश्नाला पदराला हात पुसत बसली. शेवटी तिथल्या बाईंनी येऊन विचारलं, “काकू, पदरात काही आहे का?” बाहेर येऊन हे सांगताना आम्ही दोघी फुटपाथवरच बसलो, इतक्या हसलो.

त्या वर्षी तिचा जिल्ह्यातल्याच कॉलेजात नंबर लागला. पण नितेशचा इंजिनिअरिंगचा डिप्लोमाही त्याच वर्षी सुरू झाला. मी तणतणले, सोनं गहाण ठेव पण जागा सोडू नको म्हटलं. “सोनं त्याच्याच फीला गेलं गो,” ती म्हणाली, आणि मला चहा दिला. सीईटीचे मार्क त्या वर्षापुरतेच, पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा. दुसऱ्या वर्षी पुन्हा नंबर लागला, तेव्हा मुलीचं नर्सिंग. तिसऱ्या वर्षी नवऱ्याचं डोलवीच्या कंपनीतलं कंत्राट संपलं. तिची परीक्षा गल्लीत उन्हाळ्याच्या कामांत धरली जाऊ लागली. “फेण्या झाल्या, पापड झाले, संगीताची सीईटी तेवढी राहिली,” असं बायका म्हणायच्या आणि तीही हसायची. फक्त एकदाच, तिसऱ्यांदा जागा सोडली त्या दिवशी, तांदूळ धुता धुता म्हणाली, “वैशे, एकदा तरी त्या वर्गात बसायचं हाय. पास-नापास मागनं बघू.” हे वाक्य मला अजून सहन होत नाही.

यंदा नितेश नोकरीला लागला. “आई, ह्या वर्षीची फी माझी,” म्हणाला. तिचा मला लगेच फोन. आनंद वगैरे काही नाही, सरळ प्रश्न, “कॉलेजात दप्तर नेऊ की पर्स? ह्या वयात दप्तर बरं दिसंल का?” मी म्हटलं, आधी परीक्षा तर दे. दप्तर घे असं म्हणायला हवं होतं...

गेल्या रविवारी तिच्या नवऱ्याचा, मधुकर भावजींचा फोन आला. मुळात अबोल माणूस, शिफ्ट करून यायचा आणि झोपायचा. खोटं कशाला बोलू, तिच्या तीन जागा गेल्या त्याचा राग मी मनातल्या मनात त्यांच्यावरच काढत आले होते. “तिने उडदाचं पीठ आणून ठेवलंय. खराब होईल. बायकांना बोलावलंय, तुमी पण या,” म्हणाले.

गेले. पडवीत पोळपाट मांडलेले, तिचाही मांडलेला, शेजारी माऊस. त्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. बायका लाटायला बसल्या. मग शेजारच्या कदमकाकू म्हणाल्या, “वैशाली, वाच ना गो काय तरी. असं मुक्यानं लाटवत नाय.” खिडकीत तिचं पुस्तक होतंच. मी हाताला लागलं ते पान उघडलं. “अठरा वर्षं पूर्ण न झालेल्या माणसाने केलेला करार कसा असतो? वैध, रद्द करण्याजोगा की शून्य?”

“शून्य,” सगळ्या एकदम म्हणाल्या.

उत्तर बरोबर होतं. लाटणी थांबली. आम्ही सगळ्याच त्या टिकची वाट बघत होतो, आणि ते एकमेकींच्या लक्षात आल्यावर कुणाला वर बघवेना. भावजी दारात उभे होते. ते आले, तिच्या पोळपाटाजवळ उकिडवे बसले आणि बोटाने बटण दाबलं. आवाज झाला, पण बटण उजवं होतं.

“भावजी, डावं,” मी म्हटलं.

त्यांनी सदऱ्याला हात पुसला. पीठ लागलेलं नव्हतं तरी नीट पुसला, आणि डावं बटण दाबलं.

“पुढचा वाचा,” म्हणाले.