मामांना न जमलेला शाफ्ट

सरळ करता येणार नाही अशी वस्तू ब्रह्मदेवानेही घडवलेली नाही, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा पोळीला हात लावण्याआधी त्यांनी आईचं लाटणं मागवलं, फरशीवर घरंगळवलं आणि भर पंगतीत निकाल दिला, "विहीणबाई, पोळ्या छान, पण लाटणं डावीकडे भागतं, वाकडं आहे." आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, नई सडकेच्या एका गल्लीत त्यांचं लोखंड कातायच्या लेथचं दुकान. तिथे 'नवीन आणू या' म्हणणं म्हणजे त्यांच्या तोंडावर दार आपटणं. "बदलून तर कोणीपण देऊन देईल, जावईबापू. मग मी इथे काय माशा मारून राहिलो?"

शहराबाहेरच्या धरणावरच्या मोटारबोटी खडकाला आपटल्या की पाण्यातला पंखा फिरवणारा शाफ्ट वाकतो, आणि तो वर्षानुवर्षं मामांकडेच यायचा. स्वतः मामांनी बोटीत कधी पाय ठेवला नव्हता, कारण पाण्याला ते जाम भीत. शाफ्ट दोन ठोकळ्यांवर ठेवून ते हळूहळू फिरवत आणि त्याच्याजवळ खडू अगदी स्थिर धरत. जिथे फुगवटा, तिथेच खडू लागे, आणि तिथेच तांब्याच्या हातोड्याचा ठोका बसे. त्या खडूला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम होता.

मागच्या हिवाळ्यात एका नाववाल्याचा शाफ्ट आला. त्याची एकच बोट, ऐन सुट्ट्यांचे दिवस. मामांनी सांगितलं, एका दिवसाचं काम. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो, तर मामा घामाघूम. शाफ्टभर चहूबाजूंनी खडूचे ठिपके आणि हातोड्याचे ताजे वण. "लोखंडच जिद्दी आहे," ते पुटपुटले आणि त्यांनी पुन्हा खडू धरला. तेव्हा मला दिसलं. कोपर पोटाशी घट्ट दाबलं होतं, तरी हात कापत होता. लोखंड बिचारं पहिल्याच दिवशी सरळ झालं असेल, पुढचे दोन दिवस मामांनी ते ठोकून वाकडं केलं होतं. सांगावं असं वाटलं, पण मी नुसताच डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. संध्याकाळी ते स्वतःच नाववाल्याला म्हणाले, "नया डलवा लो. लोहा थक गया है." आयुष्यात पहिल्यांदाच.

नवा शाफ्ट बसला. नाववाला भला माणूस, "बाबूजी, एक चक्कर तो बनती है" म्हणत त्याने मामांना हाताला धरून बोटीत बसवलं. मीही सोबत होतो. बोट निघाली तसा मामांनी इंजिनाच्या झाकणावर तळवा ठेवला आणि त्यांचा चेहरा उजळला. "थरथरून राहिलं आहे! हा नवापण वाकडा निघाला, जावईबापू!"

"नहीं बाबूजी, मक्खन चल रही है," नाववाला म्हणाला. तो हे बोलला नसता तर फार बरं झालं असतं.

मामांनी तळवा उचलला. तो हवेतही तसाच थरथरत होता. ते त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले, मग त्यांनी तो दुसऱ्या हाताने झाकला.

"थंडी फार आहे आज," मी म्हणालो.

"हो," मामा म्हणाले, "थंडी तर आहे."

भर दुपारचं ऊन पाठ भाजत होतं. मी माझा मफलर काढून त्यांच्या हातांवर घातला.