स्कॉटलंडच्या बोटींआधी तीन खाड्या

स्कॉटलंडला जायला आम्ही पहिल्यांदा निघालो ते मुळशीच्या रस्त्याने. जानेवारीतली सकाळ होती. चांदणी चौक ओलांडला तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि शेजारी बसलेल्या विद्याताईंनी ती वेळ वहीत लिहून घेतली.

"दहा मिनिटं उशीर," त्या म्हणाल्या. "तिकडे बोट आपल्यासाठी थांबणार नाही. इकडेही थांबत नाही, पण निदान मराठीत भांडता येतं."

विद्याताई नारायण पेठेतल्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. मी खडकीची, कारखान्यात सुटे भाग तपासायच्या विभागात माझी उमर गेली. आमची ओळख झाली बँकेत, हयातीचा दाखला द्यायच्या रांगेत. त्या दिवशी बँकेचं यंत्र माझ्या बोटांचे ठसे घेईना, तेव्हा मागून आवाज आला, "बाई, तुम्ही जिवंत आहात याला मी साक्षीदार आहे." तिथपासून आमचं जमलं. मला गाडी चालवता येत होती, त्यांना नकाशा वाचता येत होता, आणि सहल कंपनीच्या बसमधून कुणाच्या तरी शिट्टीवर उतरायची इच्छा दोघींनाही नव्हती.

बेत असा होता: ग्लासगोला गाडी भाड्याने घ्यायची, पश्चिमेकडची बेटं बघायची, परत येऊन बोटीने उत्तर आयर्लंड गाठायचं, तिथून आयर्लंड हिंडत डब्लिन, आणि डब्लिनहून पुन्हा बोटीने वेल्स. पाच आठवडे, आठ बोटी. या सगळ्या देशांत आपल्यासारखीच डावीकडून गाडी चालवतात, म्हणून ते निवडले. आमच्या विहारातल्या बायकांनी विचारलं, "तिकडे ड्रायव्हर मिळत नाही का?" माझे मिस्टर एवढंच म्हणाले, "जा, पण रोज फोन कर."

मग विद्याताईंच्या वाचनात आलं की लहान बेटांच्या काही बोटींवर गाडी उलटी, म्हणजे रिव्हर्समध्ये चढवावी लागते. "आपल्याकडे कोकणात खाड्यांवर गाड्यांच्या बोटी आहेतच," त्या म्हणाल्या. "तीन खाड्या ओलांडून येऊ. जमलं, तर तिकिटं काढायची. नाही जमलं, तर सिंहगड आहेच."

मी हो म्हटलं. पण एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती.

सहा महिन्यांपूर्वी मंडईजवळ गाडी मागे घेताना एका लिंबं विकणाऱ्या बाईंचा पाय माझ्या चाकाखाली आला होता. मी आरशात पाहिलं होतं. त्या खाली बसल्या होत्या, त्यामुळे दिसल्या नाहीत. मीच त्यांना दवाखान्यात नेलं. पायाचं हाड मोडलं होतं, दीड महिना प्लास्टर होतं. पाय बरा झाला, त्यांनी तक्रारही केली नाही. फक्त रिक्षात बसताना म्हणाल्या होत्या, "बघून घ्यायचं ना हो बाई." आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातली केसाएवढी चूक पकडण्याचा पगार घेतलेली मी. त्या दिवसानंतर मी रिव्हर्स गिअर टाकलाच नाही. सरळ जाऊन सरळ बाहेर पडता येईल अशीच जागा शोधायची, नाहीतर गाडी घरी ठेवायची. हे फक्त मिस्टरांना ठाऊक होतं.

ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा करत आम्ही दुपारी बागमांडल्याला पोचलो. बाणकोटची खाडी समोर पसरली होती. पाणी संथ, पलीकडे वेसवीचा किनारा हाकेच्या अंतरावर वाटावा असा. बोट आली. सपाट, गंजलेली, पुढे लोखंडी फळी पाडलेली. तिकडचे लोक हिला जंगलजेटी म्हणतात. उलटी घ्यावी लागेल का, ते मी आधी पाहिलं. पण त्या बोटीला दोन्ही टोकांना फळ्या होत्या. सरळ चढायचं, सरळ उतरायचं. मी चढले, उतरले.

"छान!" विद्याताई म्हणाल्या आणि वहीत बरोबरची खूण केली. मी गाडी पुढे काढली.

मुक्काम केळशीला होता. घरमालकीणबाईंनी मला तळलेला बांगडा वाढला आणि विद्याताईंना कुळथाचं पिठलं. माझ्या ताटाकडे बघत विद्याताई म्हणाल्या, "वास चांगला आहे. एवढंच म्हणेन." समुद्राची गाज खोलीत ऐकू येत होती. बोलायला तीच वेळ बरी होती, पण मी दिवा घालवून झोपले.

दुसऱ्या दिवशी दापोलीवरून दाभोळला आलो. इथली खाडी रुंद, वशिष्ठीची. धक्का उतरता, शेवटचा भाग शेवाळाने हिरवा झालेला. आणि बोटीला एकच फळी.

"उलटी घ्या," खलाशी ओरडला. "मागं घ्या, मागं!"

माझ्या मागे जीप होती, तिच्या मागे एक टेम्पो. मी क्लच दाबला, रिव्हर्स टाकला आणि आरशात पाहिलं. खलाशी गाडीच्या मागेच उभा राहून हात हलवत होता. माझा पाय क्लचवरून उठेना. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. खलाशी खिडकीशी आला. "ताई, चावी राहू द्या, तुम्ही उतरा. मी चढवतो."

मी उतरले. त्याने एका झटक्यात गाडी चढवली.

पलीकडे धोपाव्याला उतरलो. गाडी रस्त्याकडेला एका आंब्याखाली लावून मी त्यांना मंडईतली सगळी हकीकत सांगितली. त्या समोर बघत होत्या.

"मी सहा महिने बोटींची वेळापत्रकं जुळवतेय," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही सहा महिने घराच्या गेटमधून गाडी मागे घेतलेली नाही."

"हो."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही बेत मोडला असता."

"मोडला असता की नाही, ते मी ठरवलं असतं ना? बसणार मी होते शेजारी." त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "उद्या सरळ चिपळूणला जाऊ आणि घरी. मी काही रागावलेले नाही." त्या रागावल्या होत्या.

गुहागरला संध्याकाळी त्या एकट्याच समुद्रावर गेल्या. मी खोलीत बसून राहिले. वाईट वाटत होतंच, पण त्याहून जास्त स्वतःची चीड येत होती. कारखान्यात एखादा भाग मापात बसला नाही, तर तो लपवून ठेवणाऱ्या माणसाला मी कधी माफ केलं नव्हतं. तो भाग बाहेर काढायचा, पुन्हा मापायचा, पुन्हा करायचा. दुसरा मार्ग नसतो. त्या परत आल्यावर मी म्हटलं, "उद्या मी तवसाळला जाणार. तिसरी खाडी. तुम्हाला एसटीने जायचं असेल तर स्टँडवर सोडते."

त्यांनी चष्मा पुसला. "एसटीने? चार दिवसांचे कपडे घेऊन? नको."

सकाळी हेदवीच्या पुढे सडा लागला. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. झाड नाही, माणूस नाही, वाळलेलं पिवळं गवत आणि लांब खाली समुद्र. मी रस्ता सोडून गाडी आत घेतली. "मला बोटीच्या फळीएवढी जागा आखून द्या," मी म्हटलं. विद्याताई उतरल्या. पावलांनी अंतर मोजून त्यांनी दगडांच्या दोन रांगा लावल्या, मग वही डोक्यावर धरून उन्हात उभ्या राहिल्या.

पहिल्यांदा एक दगड उडाला. दुसऱ्यांदा दोन उडाले. तिसऱ्या वेळी गाडी बंद पडली. "दगडांना दुखत नाही, येऊ द्या," त्या ओरडल्या. मी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं, दर हातभर अंतरावर थांबायचं असा नियम केला. उतरून मागे बघून यायचं, मग पुन्हा हातभर. तासाभरात गाडी दगडांमधून तीन वेळा नीट मागे गेली. मग विद्याताई रांगेच्या बाजूला, आरशात दिसतील अशा उभ्या राहिल्या.

"तिथे नको," मी म्हटलं.

"धक्क्यावर माणसं असणारच," त्या म्हणाल्या. "मी हलणार नाही. तुम्ही बघा."

मी गाडी मागे घेतली. त्या हलल्या नाहीत. चाक त्यांच्यापासून चांगलं दोन हात लांबून गेलं. गाडी थांबवून मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडले. त्या खिडकीशी आल्या, पाण्याची बाटली आत दिली आणि म्हणाल्या, "बोट साडेअकराची आहे."

तवसाळच्या धक्क्यावर वारा होता. इथेही उलटंच चढायचं होतं. अर्ध्या फळीवर गाडी तिरकी झाली. डावं चाक कडेला गेलं. पांढऱ्या मिशांचा एक खलाशी पुढे आला. "मावशी, उतरा वाईच (जरा), मी लावतो."

"नको," मी म्हटलं. "मी खाली आणते आणि पुन्हा घेते."

"मागं गाड्या खोळंबल्यात."

विद्याताई फळीच्या कडेला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "खोळंबू द्या. त्यांनाही समुद्र बघायला मिळेल."

खलाशी हसला आणि बाजूला झाला. मी गाडी खाली आणली, चाकं सरळ केली, उतरून मागे बघून आले. मग हातभर, थांबायचं, हातभर, थांबायचं. लोखंड खडखडलं, गाडीने चढ घेतला, आणि मागून डिकीवर दोनदा थाप पडली. "बस, बस! लागली!" जयगडचा किल्ला पलीकडे टेकडीवर दिसत होता. मी खाली उतरले. कठड्याला धरून आम्ही दोघी उभ्या राहिलो. विद्याताईंनी वहीत काही लिहिलं नाही.

परतीला कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडवरून पुण्यात आलो. दोघीही दमलो होतो. नारायण पेठेत त्यांच्या दारात बॅग उतरवताना त्या म्हणाल्या, "परत काही लपवायचं नाही. मीही सांगून ठेवते, मला बोट लागते. गोळी घेऊनच आले होते तिन्ही वेळा."

मी विचारलं, "आणि आठ बोटींचा बेत तुम्ही केलात?"

"तुमच्या भरवशावर नाही, गोळीच्या भरवशावर," त्या म्हणाल्या आणि जिना चढल्या.

त्या आठवड्यात त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही पहिल्या बोटीचं तिकीट काढलं. अर्जात गाडी चालवणाऱ्याचं नाव विचारलं होतं. मी माझं संपूर्ण नाव हळूहळू टाइप केलं आणि दोनदा तपासलं.

भीती गेली, असं मी लिहिणार नाही. अजूनही रिव्हर्स टाकण्याआधी मी उतरून मागे बघून येते. बहुधा स्कॉटलंडमध्येही तेच करीन. पाच आठवड्यांच्या प्रवासाची तयारी करताना आम्ही कागदपत्रं, स्वेटर, वेळापत्रकं, सगळं जमवत होतो आणि एकमेकींना आपापली भीती तेवढी सांगत नव्हतो. ती सांगायला तीन खाड्या लागल्या. आता माझी त्यांना माहीत आहे, त्यांची मला. मेमध्ये निघतो आहोत.