आठ नंबरचा रॉड

सुट्टीत मी एकटाच कॅनडाला स्टीलहेड पकडायला जाणार होतो. समुद्रातून नदीत परतणारा हा दांडगा मासा तिथे पकडून लगेच सोडून द्यावा लागतो. आईला फोनवर हे सांगितलं, तर ती मालवणची बाई भडकलीच. "सोडायचा तर धरायचा कशाला, मेल्या?"

मी राहतो त्या म्युनिकमध्ये, मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मी गळाचा सहा नंबरचा हलका रॉड निवडला. म्हातारा दुकानदार म्हणाला, "याच्यावर मासा फार वेळ झुंजेल."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणालो. "मला तेच हवंय."

त्याने सरळ माझ्या हातातून रॉड काढून घेतला आणि आठ नंबरचा जाड रॉड दिला. "सोडायचा असेल, तर झटपट जवळ ओढा. दमवलेला मासा पोहत जातो खरा, पण पुढे कुठेतरी मरतो."

मला रागच आला. घरूनच काम करणारा माणूस मी, शुक्रवार ते सोमवार माझ्याशी कोणी बोलत नाही. गळाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी जरा जास्त वेळ असावं, एवढंच मला हवं होतं. हे त्याला जर्मनमध्ये कसं सांगणार? मराठीतही कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मी आठ नंबरचा घेतला.

कॅनडात आठवड्याभरात एकच मासा लागला आणि काही मिनिटांत हाताशी आला. मी गार पाण्यात त्याला शेपटीपाशी धरून ठेवलं.

"थांब जरा," मी म्हणालो.

त्याने शेपटीचा एक फटकारा दिला आणि गेला.

आईला सांगितलं, मासा लागलाच नाही.