बोटीचं जीपीएस ओम्नीच्या टपावर

दगडू तांडेलानं उभ्या जन्मात कुणाला वाट विचारली न्हाय. भाईंदरच्या खाडीतून बोट बाहेर काढली की आभाळ अन् पाणी एक होतं तिथवर जायचा आणि बिनचूक माघारी यायचा. तांडेलानं वाट विचारली की खलाशी गालात हसतात, आणि एकदा हसले की मग कुणी ऐकत न्हाय, असं त्याचं गणित.

पण लेक रीमा दिली मीरा रोडच्या शांती नगरात. तिथं सगळ्या इमारती एकाच साच्यातून काढल्यासारख्या. रीमाच्या डोहाळजेवणाला दगडू आपली जुनी ओम्नी घेऊन गेला, सेक्टरासेक्टरात घुमला आणि ओटीचं सामान तसंच घेऊन घरी परतला. पुढं नात झाली. बारशाच्या आधी रीमानं फोनवर चांगलंच सुनावलं.

"बाबा, पाळणा आजोळचा असतो. या खेपेला न्हाय पोचलास, तं सासूबाई शेजारणीचा मागवतील. पोरीला पयल्या दिवशी परक्याच्या पाळण्यात घालू काय?"

हे मात्र झोंबलं. साल दोन हजार सातचं, पावसाळी मासेमारीबंदीचे दिवस. बोट शाकारून किनाऱ्यावर पडलेली आणि तिच्यातलं जीपीएस घरात फळीवर धूळ खात होतं. मासळीच्या जागा ध्यानात ठेवणारं, उपग्रहाशी बोलणारं ते डबडं दगडूनं खाली काढलं.

लक्ष्मी, त्याची बायको, बोंबील निवडत होती. "दर्यावरचं डबडं रस्त्यावर चालंल?"

"बारा व्होल्ट तिथं, बारा व्होल्ट हितं. आभाळ तं एकच हाय ना?"

अळंबीसारखा अँटेना त्यानं ओम्नीच्या टपावर ठेवून जाळ्याच्या दोरीनं आवळला. वायर खिडकीतून आत घेतली. डबडं हलू नये म्हणून खाली ट्यूबचा तुकडा घातला. पहिल्या झटक्यात लाल तार काळीच्या जागी लागली, फ्यूज उडाला आणि दगडूनं अशी शिवी घातली की शेजारच्या कोंबड्या गप्प झाल्या. दुसऱ्यांदा पडदा उजळला. एकेक उपग्रह सापडत गेला.

घराचा पॉइंट जावयानं दिला. प्रणित अंधेरीला कंप्युटरवर काम करायचा. इंटरनेटवरचा नकाशा बघून त्यानं फोनवर आकडे सांगितले.

"ही वाट विचारणं न्हाय व्हय?" लक्ष्मी म्हणाली.

"ह्याला पॉइंट घेणं म्हनतात. मासळीचा पॉइंट भाऊ भावाला देत न्हाय. जावयानं दिला, म्हंजे जावई चांगला."

बारशाच्या दिवशी लक्ष्मी मागं पाळणा धरून बसली. पडद्यावरचा बाण निघाल्याबरोबर सरळ रुळांपलीकडं जा म्हणू लागला. दर्यात वाढलेलं यंत्र ते. मधे रूळ असतात, नाले असतात, कंपाउंड असतात, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. दगडू पुलावरून वळसा घेऊन मीरा रोडला उतरला आणि शांती नगरात शिरतो न शिरतो तोच डबडं पीं पीं करायला लागलं.

"पोचलो!" पाळणा खांद्यावर टाकून तो समोरच्याच इमारतीत चढला. दार उघडलं हंसाबेन नावाच्या बाईनं.

"पालना? अमे तो नथी मंगाव्यो, भाई."

"अवो, हिलाच विचारा रीमाचं घर!" लक्ष्मी धापा टाकत जिन्यातून ओरडली. पण दगडू तिला ओलांडून खाली गेलासुद्धा. आता त्याच्या ध्यानात आलं होतं. दर्यावर जाळं सोडायची तयारी व्हावी म्हणून ते यंत्र पाव मैल आधीच वाजायचं, आणि ते अंतर बदलायचं राहिलं होतं.

मग त्यानं बाण सोडला आणि अंतराचा आकडा धरला. आकडा उतरला की पुढं, चढला की वळ. मासळीचा थवा शोधावा तशी ओम्नी गल्ल्यांतून घिरट्या घालत राहिली. भाजीवाल्याशेजारून तिसऱ्यांदा गेली तेव्हा तो हात करू लागला. शेवटी आकडा पार तळाला आला आणि समोर उभी राहिली एक भिंत. पलीकडं रीमाची इमारत.

दगडूनं एका बोटीवरून दुसऱ्या बोटीला हाळी द्यावी तशी हाक मारली, "रीमाऽऽऽ!"

चौथ्या मजल्याच्या गॅलरीत रीमा धावत आली. "बाबा, लवकर! शेजारणीचा पाळणा जिन्यात आलाय!"

दगडूनं ओम्नी भिंतीला घासून लावली, बोट धक्क्याला लावतात तशीच. आपण टपावर चढला, पाळणा वर ओढला. लक्ष्मीनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि नवऱ्याचा उद्धार करत त्याच्यामागून चढली. भिंतीपलीकडून वॉचमन पळत आला.

"चाचा, गेट उधर है!"

"मैंने पूछा क्या? पकड इसको!"

बिचाऱ्यानं पाळणा धरला. वरून प्रणित दोन-दोन पायऱ्या उतरत आला. आजोळचा पाळणा शेजारणीच्या आधी चौथ्या मजल्यावर टेकला तेव्हा पोरगी आत्याच्या मांडीवर बोंबलत होती आणि अजून बिननावाचीच होती.